हाक कुठे अडली?

जून महिना आला, शाळा उघडली आणि संगणकाच्या खोलीचे कुलूप निघाले असे समजा. मे महिन्यात खोलीचे मुख्य बटण बंदच होते. आता सगळे संगणक एकेक करून सुरू केले जात आहेत आणि त्यातील एक काही केल्या पुढे सरकत नाही. पडद्यावर निर्मात्याचे चिन्ह येते आणि यंत्र तेथेच थबकते. तुमचे शिक्षक म्हणतात, "याची ऑपरेटिंग सिस्टीम बिघडलेली दिसते. ती पुन्हा बसवू या."

हल्ली या कामाला तबकडी लागतेच असे नाही. यंत्र इंटरनेटवरून स्वतःच सगळे आणते. शिक्षक दोन-तीन कळा दाबतात, यंत्र कामाला लागते आणि दहा मिनिटांनी पडद्यावर एक ओळ उमटते : सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही. पुन्हा प्रयत्न केला तरी तीच ओळ. गंमत म्हणजे त्याच खोलीत मोबाइलवर सगळे व्यवस्थित चालू असते!

अशा वेळी बहुतेक जण दोनच गोष्टी करतात. एक तर पुन:पुन्हा तेच बटण दाबतात, नाही तर यंत्र खराब झाले असे ठरवून कोपऱ्यात ठेवून देतात. कोपऱ्यातले यंत्र पुढे भंगारात जाते. त्यातील कित्येक यंत्रे खरोखर धडधाकट असतात. त्यांची हाक मधेच कुठे तरी अडलेली असते एवढेच. ती कुठे अडली हे शोधण्याची एक पद्धत आहे. डॉक्टर जसे औषध देण्यापूर्वी नाडी, जीभ, ताप असे क्रमाने पाहतात, तसेच येथेही करावयाचे असते. ती पद्धत आज आपण समजावून घेऊ.

छोटा मदतनीस

प्रथम एक प्रश्न. ज्या संगणकावर ऑपरेटिंग सिस्टीमच नाही, तो इंटरनेटशी बोलतो तरी कसा?

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा सारा कारभार पाहणारी मूळ आज्ञावली. पडदा, कळफलक, स्मृती, जाळ्याशी जोडणी हे सगळे तिच्या देखरेखीखाली चालते. ती नसली, तरी संगणकात एक छोटा मदतनीस शिल्लक असतो. तो कधी मुख्य पाटावरील कायम स्मृतीच्या चिपमध्ये, कधी तबकडीच्या राखून ठेवलेल्या भागात, तर कधी आपण लावलेल्या पेन ड्राइव्हवर असतो. ॲपल कंपनीने २०११ साली आपल्या मॅक संगणकांच्या चिपमध्येच असा मदतनीस बसवला. इंटेल कंपनीचा प्रक्रियक असलेल्या मॅकवर सुरू करताना ऑप्शन, कमांड आणि आर या कळा एकदम दाबल्या की पडद्यावर पृथ्वीचा गोल फिरू लागतो आणि यंत्र ॲपलच्या सर्व्हरला हाक मारते. मायक्रोसॉफ्टने २०२० साली विंडोज १० मध्ये सारी प्रणाली इंटरनेटवरून नव्याने उतरवून घेण्याची सोय केली. डेबियन ही १९९३ साली सुरू झालेली मुक्त प्रणाली. तिचा जाळ्यावरून बसवण्याचा संच तर मुळातच लहान असतो. पेन ड्राइव्हवर तेवढा घ्यायचा आणि उरलेले सारे सर्व्हरवरून मागवायचे.

सर्व्हर म्हणजे मागेल त्याला माहिती पुरवणारा, सतत चालू असलेला संगणक. आपली हाक त्याच्यापर्यंत पोचली पाहिजे, त्याचे उत्तर परत आले पाहिजे आणि ते उत्तर खरोखर त्याचेच आहे याची खात्री पटली पाहिजे. ही तिन्ही कामे त्या छोट्या मदतनिसावर पडतात. त्याची शिदोरी मात्र फार तुटपुंजी असते. त्याला मोजकीच यंत्रे ओळखता येतात. त्याच्याजवळ बहुधा वेब-पाने दाखवणारा ब्राउझर नसतो. तुम्ही पूर्वी साठवलेला वाय-फायचा परवलीचा शब्दही त्याला ठाऊक असेलच असे नाही. मोबाइल चालतो आणि हा संगणक चालत नाही, याचे मर्म येथेच आहे.

आधी पुसू नका

पुढे जाण्यापूर्वी एक सूचना, आणि ही सर्वांत महत्त्वाची. नवी प्रणाली बसवताना जुनी तबकडी पुसण्याचा प्रश्न येतो. पुष्कळ जण उत्साहाच्या भरात आधी तबकडी पुसतात आणि मग जाळे चालत नाही असे त्यांच्या लक्षात येते. आता हातात ना जुनी प्रणाली, ना नवी! शिवाय तबकडीवर मुलांनी वर्षभर केलेले प्रकल्प असतील, तर तेही गेले. म्हणून क्रम असा ठेवा : प्रथम कामाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्या, मग जाळे तपासा आणि पुसण्याचे काम सर्वांत शेवटी करा.

साक्षीदार बोलवा

प्रयोगशाळेत प्रयोग करताना आपण एक तुलनेची परीक्षानळी वेगळी ठेवतो. येथेही तेच करा. दुसरा चालू संगणक किंवा मोबाइल त्याच वाय-फायला जोडा आणि एखादे पान उघडून पाहा. साक्षीदारालाही पान मिळाले नाही, तर दोष जाळ्यात आहे, बिघडलेल्या संगणकाच्या मागे लागू नका. साक्षीदाराला पान मिळाले, तर दोष संगणकात किंवा त्याच्या बोलण्यात आहे.

मात्र मोबाइल हा साक्षीदार लबाड असतो, बरे का! वाय-फायवरून इंटरनेट मिळाले नाही, तर तो गुपचूप आपल्या सिमकार्डाचे जाळे वापरतो आणि "सगळे ठीक आहे" अशी साक्ष देतो. म्हणून त्याचा मोबाइल डेटा बंद करूनच त्याला विचारावे.

आता हाकेच्या वाटेवरील सहा पायऱ्या क्रमाने पाहू.

पहिली पायरी : तार आणि लहरी

तार जोडली असेल, तर ती जेथे खोचली आहे तेथील बारीक दिवे लुकलुकतात का, ते पाहा. दिवाच नसेल तर तार काढून पुन्हा लावा, दुसरी तार लावून पाहा. हा उपाय क्षुल्लक वाटतो, पण तो सर्वांत आधी करावा, कारण त्याला अर्धा मिनिट लागतो.

वाय-फायची गोष्ट थोडी निराळी आहे. जुनी वाय-फाय कार्डे २.४ गिगाहर्ट्झ या एकाच पट्ट्यातील लहरी ओळखतात. राउटर, म्हणजे शाळेचे जाळे बाहेरच्या जाळ्याला जोडणारी पेटी, फक्त ५ गिगाहर्ट्झवर प्रक्षेपण करत असेल, तर त्या कार्डाला ते नावसुद्धा दिसणार नाही. २०१८ साली आलेली डब्ल्यूपीए-३ ही सुरक्षेची नवी पद्धतही जुन्या यंत्रांना बहुधा उमजत नाही.

याहून मजेदार अडचण म्हणजे चालकाची. प्रत्येक वाय-फाय कार्डाला चालवणारी एक आज्ञावली लागते, तिला ड्रायव्हर म्हणतात. पुष्कळ कार्डांत स्वतःचा छोटा प्रक्रियकही असतो आणि सुरू होताना त्याला त्याची वेगळी आज्ञावली भरवावी लागते, तिला फर्मवेअर म्हणतात. मदतनिसाजवळ या दोन्ही नसतील तर? त्या इंटरनेटवर आहेत, पण इंटरनेटवर जायला त्याच हव्यात! कुलपाची किल्ली पेटीत आणि पेटीला तेच कुलूप, असा हा प्रकार.

डेबियनच्या लोकांना हा पेच अनेक वर्षे छळत होता. ज्या फर्मवेअरची मूळ आज्ञावली निर्माते खुली करत नाहीत, ते आपल्या अधिकृत संचात घ्यायचे नाही, असे त्यांचे तत्त्व होते. त्यामुळे कित्येक लॅपटॉपांवर वाय-फाय चालतच नसे. २०२२ साली त्यांनी या प्रश्नावर मतदान घेतले आणि १० जून २०२३ रोजी निघालेल्या डेबियन १२ पासून असे फर्मवेअर अधिकृत संचात येऊ लागले. म्हणजे जुना संच वापरून अडला असाल, तर नुसता नवा संच घेतल्याने काम होण्याचा संभव आहे.

या पायरीवरचा साधा उपाय म्हणजे वाय-फाय सोडून तार लावणे. तारेच्या जोडणीचे चालक मदतनिसाजवळ बहुधा असतात. तारही नसेल, तर मोबाइल यूएसबीच्या तारेने संगणकाला जोडावा आणि त्यातील "यूएसबी टेदरिंग" चालू करावे. मग मोबाइलच संगणकाला तारेचे जाळे म्हणून दिसू लागतो.

दुसरी पायरी : पत्ता मिळाला का?

तार जुळली, पण पत्ता नसलेल्या घराला टपाल कसे येणार? जाळ्यावरील प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता लागतो. तो चार आकड्यांचा असतो, जसे १९२.१६८.१.१४. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांमधील असतो. राउटर नव्याने आलेल्या यंत्राला असा पत्ता आपणहून देतो. वसतिगृहाचे अधीक्षक नव्या विद्यार्थ्याला खोली क्रमांक देतात, तसेच हे आहे. या देवघेवीच्या नियमांना डीएचसीपी म्हणतात. ते १९९३ साली ठरले.

आता खूण लक्षात ठेवा. पत्त्याची सुरुवात १६९.२५४ अशी दिसली, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. संगणकाने हाका मारल्या, कोणी ओ दिली नाही, तेव्हा त्याने नाइलाजाने स्वतःच एक पत्ता घेतला. असा पत्ता दिसला की राउटर एकदा बंद करून चालू करावा. सुरू झालेल्या विंडोजच्या पहिल्या मांडणीत शिफ्ट आणि एफ-१० दाबून काळी खिडकी बहुधा उघडते. तेथे "आयपीकॉन्फिग" ही आज्ञा दिली की पत्ता दिसतो. डेबियनमध्ये कंट्रोल, आल्ट आणि एफ-२ दाबून आणि मॅकच्या दुरुस्ती-पडद्यावर "टर्मिनल" निवडून अशीच खिडकी मिळते.

तिसरी पायरी : उंबरठा आणि बाहेरचा रस्ता

पत्ता मिळाला. आता हाक मारून पाहायची. त्यासाठी "पिंग" नावाची एक चिमुकली आज्ञावली आहे. अमेरिकेतील माइक म्यूस या संगणकतज्ज्ञाने १९८३ च्या डिसेंबरात ती लिहिली. पाणबुडी शोधण्यासाठी सोनार यंत्र पाण्यात ध्वनी सोडते आणि त्याच्या प्रतिध्वनीची वाट पाहते, हे तुम्ही वाचले असेल. त्या ध्वनीवरून म्यूस यांनी हे नाव घेतले. पिंगही तेच करते. एक लहानसा संदेश पाठवते, उत्तर किती सहस्रांश सेकंदांत आले ते मोजते आणि पडद्यावर लिहिते.

प्रथम राउटरला पिंग करा. त्याचा पत्ता पुष्कळदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. उत्तर आले म्हणजे आपण उंबरठ्यापर्यंत पोचलो. मग बाहेरच्या एखाद्या प्रसिद्ध पत्त्याला पिंग करा, जसे गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१. उंबरठ्यावरून उत्तर येते, पण बाहेरून येत नाही, असे झाले तर अडथळा राउटरच्या पलीकडे आहे. मात्र काही जाळ्यांवर पिंग मुद्दाम बंद ठेवलेले असते, म्हणून एकाच उत्तराअभावी घाईने निष्कर्ष काढू नये. साक्षीदाराकडूनही तेच पिंग करून पाहावे.

महाविद्यालय, वसतिगृह, रेल्वे स्थानक अशा ठिकाणी आणखी एक अडथळा असतो. तेथे वाय-फाय जोडले की आधी एक पान उघडते आणि त्यात नाव, क्रमांक भरावा लागतो. मोबाइल ते पान दाखवतो. आपल्या मदतनिसाजवळ मात्र बहुधा ब्राउझरच नाही. दारावरील पहारेकरी नाव विचारतो आहे आणि आत जाणाऱ्याला बोलताच येत नाही! अशा जाळ्यावरून ऑपरेटिंग सिस्टीम बसवण्याचा हट्ट धरू नये. घरचे साधे जाळे किंवा मोबाइलचे हॉटस्पॉट वापरावे.

चौथी पायरी : नावावरून क्रमांक

मदतनिसाला सर्व्हरचे नाव ठाऊक असते, क्रमांक नव्हे. नावावरून क्रमांक सांगणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. इंटरनेटच्या बाल्यावस्थेत सगळ्या संगणकांची नावे आणि क्रमांक यांची एकच यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवलेली असे आणि बाकीचे तिच्या प्रती उतरवून घेत. संगणक वाढले तशी ती यादी सांभाळणे अशक्य होऊ लागले. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ही एक यादी मोडून अनेक ठिकाणी वाटून देण्याची योजना मांडली. तीच आजची डीएनएस.

या पायरीवरचा दोष ओळखणे फार सोपे आहे. ८.८.८.८ या क्रमांकाला पिंग होते, पण नाव लिहिले की होत नाही, तर नावे सांगणारा सर्व्हर उत्तर देत नाही असे समजावे. अशा वेळी जाळ्याच्या मांडणीत डीएनएस म्हणून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ हा पत्ता हाताने लिहावा. हे दोन्ही पत्ते नावे सांगण्याचे कामही करतात.

पाचवी पायरी : आज तारीख काय?

पत्ता आहे, रस्ता मोकळा आहे, नावाचा क्रमांकही मिळाला. तरीही पडद्यावर तीच ओळ : संपर्क होऊ शकला नाही! अशा वेळी भलेभले गोंधळतात. त्यांना एक साधा प्रश्न विचारावा : या संगणकाच्या मते आज तारीख काय आहे?

तारखेचा इंटरनेटशी काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. पाहू या.

ऑपरेटिंग सिस्टीम ही संगणकाच्या सगळ्या चाव्या हाती असलेली आज्ञावली. ती आणताना वाटेत एखाद्या चोराने आपणच सर्व्हर असल्याची बतावणी केली आणि आपली बनावट प्रणाली गळ्यात मारली, तर तुमचा सारा संगणक त्याच्या ताब्यात जाईल. म्हणून मदतनीस सर्व्हरकडे ओळखपत्र मागतो. त्याला प्रमाणपत्र म्हणतात. त्यावर सर्व्हरचे नाव असते, ते देणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेची गणिती सही असते आणि रेल्वेच्या पासावर असतात तशा दोन तारखा असतात : केव्हापासून केव्हापर्यंत. मदतनीस आपल्या घड्याळात पाहतो. आजची तारीख या दोहोंच्या मध्ये नसेल, तर तो बोलणेच थांबवतो. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे.

पण घड्याळच चुकीचे असेल तर?

संगणकाच्या मुख्य पाटावर एक स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा विचित्र वाटतो ना? तो २ चा पंधरावा घात आहे. पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर १ उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका. मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळातही हाच आकडा असतो. वीज बंद असताना हे घड्याळ चालू ठेवते ती नाण्याएवढी लिथियमची घटविद्युतमाला. मेजावरच्या संगणकात ती बहुधा सीआर २०३२ या प्रकारची असते. तिचा व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर आणि दाब ३ व्होल्ट. नावातच मापे दडलेली आहेत, पाहा! काही वर्षांनी ही माला संपते. मग मुख्य बटण बंद झाले की घड्याळ थांबते आणि पुन्हा सुरू करताना निर्मात्याने ठरवलेल्या एखाद्या जुन्या तारखेपासून मोजू लागते.

आता मे महिन्याच्या सुट्टीत खोलीचे मुख्य बटण बंद होते, हे आठवा. जूनमध्ये तो संगणक जागा होतो आणि त्याला वाटते की आज १ जानेवारी २०१०. सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवतो. त्यावरची "केव्हापासून" ही तारीख गेल्या काही महिन्यांतली असते. मदतनीस म्हणतो, "हे ओळखपत्र तर अजून पंधरा-सोळा वर्षांनी सुरू व्हायचे आहे. हा नक्कीच ठक!" आणि तो पाठ फिरवतो.

घड्याळ थोडेसे चुकले तर चालते, कारण प्रमाणपत्राला काही महिन्यांची मुदत असते. पण ही मुदत कमी कमी होत चालली आहे. २०२० च्या सप्टेंबरापासून वेब-सर्व्हरच्या नव्या प्रमाणपत्रांना ३९८ दिवसांची कमाल मर्यादा आली. २०२९ पर्यंत ती टप्प्याटप्प्याने ४७ दिवसांवर आणण्याचे २०२५ साली ठरले. म्हणजे घड्याळ बरोबर ठेवण्याला पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व येणार आहे.

कधी कधी घड्याळ बरोबर असते, पण प्रमाणपत्रच मुदतबाह्य झालेले असते. मॅकच्या जुन्या प्रणाली बसवण्याचे जे संच लोकांनी उतरवून जपून ठेवले होते, त्यांतील प्रमाणपत्राची मुदत २४ ऑक्टोबर २०१९ रोजी संपली. दुसऱ्या दिवसापासून ते संच "ही प्रत खराब झाली आहे" असे सांगू लागले. वास्तविक त्यातील एक अक्षरही बदललेले नव्हते! ॲपलने नवी प्रमाणपत्रे लावलेल्या प्रती दिल्या, तेव्हा अडचण दूर झाली. ३० सप्टेंबर २०२१ रोजी याच्या उलट घडले. सह्या देणाऱ्या संस्थांची एक यादी प्रत्येक संगणकात असते. "लेट्स एन्क्रिप्ट" या संस्थेच्या सह्या ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधारावर पुष्कळ यंत्रे मान्य करत, त्याची मुदत त्या दिवशी संपली. ज्यांच्या यादीत नवे मूळ प्रमाणपत्र नव्हते, अशी अनेक जुनी यंत्रे असंख्य संकेतस्थळांना एकाएकी परकी झाली. अशा जुन्या यंत्रावर अडलात, तर दुसऱ्या संगणकावर ताजा संच पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावा.

उपाय काय, ते आता तुम्हीच सांगाल. यंत्र सुरू होतानाच्या मांडणीत जाऊन किंवा काळ्या खिडकीत "डेट" ही आज्ञा देऊन तारीख पाहावी आणि दुरुस्त करावी. संपलेली माला बदलण्याचे काम शिक्षकांनी करावे, संगणकाची तार भिंतीतून काढल्यानंतरच. जुनी माला लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये, गिळली गेल्यास ती फार घातक ठरते. आणि एक पक्के लक्षात ठेवा. "प्रमाणपत्र तपासू नकोस" असा पर्याय कोठे दिसला, तरी तो निवडू नये. पहारेकरी हटवण्यापेक्षा त्याचे घड्याळ लावून द्यावे.

सहावी पायरी : मोठे ओझे

संपर्क झाला, फाइल येऊ लागली. आता प्रश्न ओझ्याचा. विंडोज इंटरनेटवरून उतरवताना ४ गिगाबाइटहून अधिक माहिती येऊ शकते. याला किती वेळ लागेल? येथे पुष्कळांची गल्लत होते. फायलीचे माप बाइटमध्ये असते आणि जाळ्याचा वेग बिटमध्ये सांगतात. एका बाइटमध्ये ८ बिट असतात. तेव्हा ४ गिगाबाइट म्हणजे ३२,००० मेगाबिट. वेग सेकंदाला १० मेगाबिट असेल, तर ३,२०० सेकंद, म्हणजे सुमारे ५३ मिनिटे लागतील. वेग २ मेगाबिट असेल, तर १६,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ साडेचार तास! यंत्र अडलेले नसते, आपणच अधीर झालेले असतो. मोबाइलच्या पॅकला दिवसाची दीड-दोन गिगाबाइटची मर्यादा असेल, तर मात्र ते खरोखरच मध्यावर अडेल.

वाटेत फाइल बिघडली तर तेही कळते. मोठ्या फायलीपासून एका ठरावीक गणिती रीतीने ६४ अक्षरी ठसा काढतात. तिला शा-२५६ म्हणतात. फायलीतील एक बिट जरी बदलला, तरी सारा ठसा बदलतो. निर्मात्याने जाहीर केलेला ठसा आणि आपल्या फायलीचा ठसा जुळला नाही, तर ती पुन्हा उतरवावी.

मधूनच सुरुवात करा

सहा पायऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी पहिलीपासून सहावीपर्यंत जायलाच हवे का? नाही. शब्दकोशात शब्द शोधताना आपण पहिल्या पानापासून वाचत नाही, मध्ये उघडतो. येथेही प्रथम ८.८.८.८ ला पिंग करा. उत्तर आले, तर पहिल्या तीन पायऱ्या एकदम सुटल्या. आता नावाला पिंग करा. तेही झाले, तर चौथी सुटली. मग घड्याळ पाहा, म्हणजे पाचवी की सहावी ते कळेल. पहिल्या पिंगला उत्तर नाही आले, तर आयपी पत्ता पाहा. तो नीट असेल, तर दोष तिसऱ्या पायरीवर. १६९.२५४ ने सुरू होणारा असेल, तर दुसरीवर, आणि पत्त्याची जागाच रिकामी असेल, तर पहिलीवर. सहा जागांमधून एक शोधायला बहुधा तीन प्रश्न पुरतात. दर प्रश्नाला शक्यता निम्म्या होतात हे ज्याला उमगले, तो सायकलचा दिवा, घरातली विजेची जोडणी किंवा बीजगणितातली चूक, सगळीकडे हीच युक्ती वापरील.

करून पाहा

१. शिक्षकांच्या परवानगीने एका संगणकाचे आपोआप वेळ लावणे बंद करा, तारीख २०१० सालची करा आणि एखादे संकेतस्थळ उघडा. काय संदेश येतो तो वहीत लिहा. तारीख लगेच पूर्ववत करा.

२. राउटरला आणि ८.८.८.८ ला प्रत्येकी दहा वेळा पिंग करा. उत्तराला लागलेल्या वेळांची सरासरी काढा. फरक का पडतो, याचा विचार करा.

३. तुमच्या शाळेतील जाळ्याचा वेग मोजा आणि ५ गिगाबाइटची फाइल उतरायला किती वेळ लागेल, ते काढा.

४. शिक्षकांसह, सगळे नीट चालू असतानाच एका पेन ड्राइव्हवर ऑपरेटिंग सिस्टीमचा पूर्ण संच तयार करून कपाटात ठेवा. त्यावर तारीख लिहा आणि दरवर्षी जूनमध्ये तो नवा करा.

आणि शेवटी एक कोडे. एका संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.२३ आहे. ८.८.८.८ ला पिंग होते, नावालाही होते, घड्याळ बरोबर आहे, वेग उत्तम आहे. तरीही प्रणाली बसवणारी आज्ञावली सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायला तयार नाही. ज्या पेन ड्राइव्हवरून ती चालते आहे, तो २०१५ साली तयार केलेला आहे. हाक कुठे अडली असावी?